स्वरांची ढकलाढकली

पी-यू-टी ‘पुट’, तर बी-यू-टी ‘बट’ का, असा प्रश्न विचारून इंग्रजीला कसलाच नियम नाही हे सिद्ध करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. हल्ली तो प्रश्न मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत, संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याच्या दाव्याला चिकटून येतो. त्याचे उत्तर भाषाविज्ञानाला ठाऊक आहे, मात्र ते शोधायला लंडनच्या उत्तरेस दोन-तीनशे किलोमीटर जावे लागते. लीड्स, शेफील्ड किंवा मँचेस्टरच्या स्थानिक बोलीत हे दोन्ही शब्द आजही एकाच स्वराने उच्चारले जातात, आणि ‘कप’ही तेथे ‘कुप’ असतो. उत्तरेच्या लोकांनी उच्चार बिघडवलेला नाही. तो दक्षिणेत बदलला.

मुळात एकसंध इंग्रजी कधीच नव्हती. पाचव्या शतकात आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून आलेले अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागांत वसले आणि बोलींतला फरक तेव्हापासूनच सुरू झाला. पुढे व्हायकिंगांनी आणि 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांनी शब्दसंग्रहात मोठी भर घातली. पण इंग्रजीचे लेखन आणि उच्चार यांची खरी फारकत झाली ती स्वरांमुळे, साधारण 1400 ते 1700 या काळात. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले.

‘आ, ए, ई’ असे सावकाश म्हणून पाहावे. जबडा मिटत जातो आणि जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढतो. ‘आ, ओ, ऊ’ म्हणताना तीच चढण मागच्या भागात होते. या तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. त्याआधी ‘मीट’ (भेटणे) हा शब्द ‘मेट’, ‘फूड’ हा ‘फोड’ आणि ‘नेम’ हा जवळजवळ ‘नाम’ असा उच्चारला जाई. (हे शेवटचे साम्य योगायोगाचे नाही, पण म्हणून इंग्रजी संस्कृतातून निघाली असेही नाही, दोन्ही भाषा त्यांच्याहून जुन्या एका भाषेच्या वंशज आहेत.) ‘ई’ आणि ‘ऊ’ यांना मात्र वर सरकायला जागाच उरली नव्हती. ते फुटून जोडस्वर झाले, त्यामुळे ‘टीम’चा ‘टाइम’ आणि ‘हूस’चा ‘हाउस’ झाला.

आता प्रश्न असा की, वरचे स्वर आधी हलले आणि रिकाम्या जागेत खालचे ओढले गेले, की बाकावर एका टोकाने कोणी शिरल्यावर दुसऱ्या टोकाच्या माणसाला उठावे लागते तसे खालच्यांनी वरच्यांना ढकलले? कार्ल लुइक या ऑस्ट्रियन अभ्यासकाने 1896 मध्ये यावर उत्तरेच्या बोलींचा पुरावा पुढे केला. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हे स्थित्यंतर सुरू होण्यापूर्वीच दीर्घ ‘ओ’ जिभेच्या पुढच्या भागात सरकला होता. ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणावे तसा काहीसा त्याचा उच्चार होई. म्हणजे मागच्या बाजूला ‘ऊ’ला ढकलणारा कोणी उरलाच नव्हता. आणि नेमका तेथेच ‘ऊ’ फुटला नाही: स्कॉटलंडच्या बोलीत घर आजही ‘हूस’ आणि गाय ‘कू’ आहे. पुढच्या बाजूला ‘ए’ जागेवर होता, तेथे मात्र ‘ई’ फुटलाच. एक घटक काढून घेतला आणि परिणामही नाहीसा झाला, इतका स्वच्छ प्रयोग भाषेच्या इतिहासात क्वचितच मिळतो. सगळ्या स्वरांचा क्रम ठरवण्यावर वाद अजून चालू आहे, तरी मागच्या स्वरांपुरता हा युक्तिवाद मला निर्णायक वाटतो.

हे सर्व चालू असतानाच, 1476 मध्ये, विल्यम कॅक्सटनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईबरोबर शब्दांची वर्णयोजना हळूहळू स्थिरावत गेली, पण जिभा स्थिरावल्या नाहीत. ऱ्हस्व स्वर या सरकण्यात सामील नव्हते, म्हणून ‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रन’ राहिले. देवनागरीत असे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ‘चांदी’ आणि ‘चांदणे’ यांतला ‘च’ मोठ्याने म्हणून पाहावा.

‘पुट’ आणि ‘बट’ यांची ताटातूट ऱ्हस्व ‘उ’ची आहे, सतराव्या शतकातली. दक्षिणेत हा स्वर बहुतेक शब्दांत ‘अ’कडे झुकला; ‘प’, ‘ब’, ‘फ’ यांसारख्या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांनंतर ओठांची गोलाई टिकल्याने ‘पुट’, ‘पुल’, ‘बुश’, ‘फुल’ हे शब्द पुष्कळदा बचावले. हा कल आहे, पक्का नियम नव्हे. ‘बट’ स्वतःच ‘ब’ने सुरू होऊनही बदलला. उत्तरेत हा बदल पोहोचलाच नाही.

वसाहतींबरोबर इंग्रजी जगभर गेली तेव्हा हे सरकणेही तिच्याबरोबर गेले. न्यूझीलंडमध्ये आज ‘पॅन’ हा ‘पेन’च्या जवळ, ‘पेन’ हा ‘पिन’च्या जवळ आणि ‘फिश’ हा ‘फश’च्या जवळ ऐकू येतो. तेथील नभोवाणीच्या फिरत्या ध्वनिमुद्रण पथकाने 1946 ते 1948 या काळात वृद्ध रहिवाशांच्या आठवणी मुद्रित केल्या होत्या, आणि त्यांतले काही जण 1850 च्या दशकात जन्मलेले होते. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञांनी हे आवाज तपासले, तेव्हा ‘पॅन’ आणि ‘पेन’ यांचे स्वर आधी वर चढलेले दिसले; ‘फिश’मधला ‘इ’ त्यानंतर जिभेच्या मध्यभागाकडे सरकला, म्हणजे तोही ढकलला गेला होता.