कबरीची खोली

मृतदेह जमिनीत पुरण्यासाठी खड्डा किती खोल घ्यावा, याविषयी निरनिराळ्या धर्मांत, प्रदेशांत आणि कायद्यांत रूढ झालेले प्रमाण. लोकसमजुतीनुसार ते सहा फूट असले, तरी सर्वत्र लागू पडेल असा एकच आकडा अस्तित्वात नाही. खड्ड्याची एकूण खोली आणि मृतदेहावर येणाऱ्या मातीच्या थराची जाडी या दोन भिन्न गोष्टी असून, आरोग्य आणि मृतदेहाचे संरक्षण यांच्या दृष्टीने दुसरीलाच खरे महत्त्व आहे.

सहा फुटांच्या आकड्याचा संबंध सामान्यतः लंडनमधील १६६५ च्या प्लेगशी जोडला जातो. त्या वर्षी लंडनच्या लॉर्ड मेयरने काढलेल्या हुकुमांत प्रत्येक कबर किमान सहा फूट खोल असावी, असे कलम होते. दूषित हवेतून रोग पसरतो, अशी त्या काळची धारणा असल्यामुळे कुजणाऱ्या देहातून निघणारी हवा मातीखाली कोंडून ठेवणे हा त्यामागील हेतू मानता येईल. साथ भरात आल्यावर मात्र मोठ्या सामुदायिक खड्ड्यांत प्रेते पुरावी लागली. पुढे शवविच्छेदनासाठी प्रेते चोरण्याचे प्रकार ब्रिटनमध्ये वाढले, तेव्हा खोल कबरीला आणखी एक कारण मिळाले. १८३२ च्या कायद्याने वैद्यकीय शाळांना प्रेते मिळण्याची अधिकृत सोय झाल्यावर ही भीती ओसरली.

भारतीय परिस्थितीत खोलीचे सर्वांत जुने आणि सबळ कारण म्हणजे जनावरे. तरस, कोल्हे आणि कुत्री उथळ कबर उकरतात; म्हणून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लहान मुलाला पुरल्यावर त्या जागेवर दगड रचण्याची व बाभळीचे काटे टाकण्याची चाल आहे. दुर्गंधी बाहेर येऊ नये आणि पावसाने वरची माती वाहून जाऊन देह उघडा पडू नये, ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. पुणे परिसरातील काळ्या मातीत त्यांत आणखी एकाची भर पडते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. त्यामुळे मातीचा थर पातळ असल्यास भेगांतून दुर्गंधी बाहेर येऊ शकते.

खोली वाढवण्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या बहुतेक वेळा जमीनच घालून देते. पुण्यात टेकड्यांच्या बाजूला थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ लागतो. तेथे कुदळीचे काम संपून पहारेचे सुरू होते आणि हातभर खोली वाढवण्यासही बराच वेळ जातो. मुळा-मुठेच्या काठच्या गाळाच्या जमिनीत अडचण नेमकी उलट असते: खोदणे सोपे, पण पावसाळ्यात पाणी वर येते आणि ओल्या कडा ढासळतात. खड्डा छातीच्या वर गेला की आत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक फावडे डोक्यावरून वर फेकावे लागते, आणि काठावर साठलेल्या मातीच्या भाराने कड खचण्याचा धोका वाढतो. खोदणाऱ्याच्या जिवाचा हा प्रश्न कबरीच्या खोलीच्या चर्चेत फारच क्वचित विचारात घेतला जातो, हे खेदजनक आहे.

विघटनाच्या दृष्टीनेही अधिक खोल म्हणजे अधिक चांगले असे नाही. वरच्या थरांत हवा, उष्णता आणि सूक्ष्मजीव भरपूर असतात. खाली जावे तसा प्राणवायू कमी होतो आणि कुजण्याची क्रिया मंदावते. जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञ योहान लुडविग कास्पर यांच्या प्रसिद्ध ठोकताळ्यानुसार उघड्या हवेत एका आठवड्यात होणारे विघटन पाण्यात दोन, तर जमिनीत आठ आठवडे घेते. चिकण आणि पाणथळ मातीत देहातील चरबीचे मेणासारख्या पदार्थात रूपांतर होऊन तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. भूजल दूषित होऊ नये, म्हणून खड्ड्याचा तळ आणि पाण्याची पातळी यांत पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने मोठ्या संख्येने सापडली. तान्ह्या मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून घराच्या जमिनीखाली पुरलेले होते, तर प्रौढांना बहुधा घोट्याखालचे पाय तोडून उताणे ठेवलेले होते. राहत्या घराखालच्या अशा दफनाला जनावरांपासून संरक्षण आपोआपच मिळत असणार.

इस्लामी परंपरेत खोली फुटांत नव्हे, तर माणसाच्या शरीराने मोजतात: किमान कमरेइतकी, छातीपर्यंत असल्यास अधिक चांगली. घट्ट जमिनीत तळाशी किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूला कोनाडा कोरून बगली कबर करतात. भुसभुशीत जमिनीत असा कोनाडा टिकत नाही. तेथे संदुकी कबर खोदली जाते. तिच्यात रुंद खड्ड्याच्या तळाशी मधोमध अरुंद चर काढून दोन्ही बाजूंना पायरी ठेवतात. मृतदेह चरात उजव्या कुशीवर, किब्ल्याकडे तोंड करून ठेवल्यावर पायऱ्यांवर फळ्या किंवा फरश्या आडव्या टाकतात, फटी ओल्या मातीने लिंपतात आणि मगच माती लोटतात. मातीचा भार देहावर येत नाही, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत पुरतात, त्यामुळे साहजिकच खड्डा लांबट नसून खोल असतो. हिंदूंमध्ये संन्याशांना समाधी देतात आणि तान्ह्या मुलांना पुरतात. ख्रिस्ती दफनभूमीत शवपेटी वापरतात. कुटुंबासाठी राखून ठेवलेली कबर पहिल्या वेळी मुद्दाम खोल घेतली जाते, म्हणजे पुढील पेटी वर ठेवता येते. सहा फूट वा अधिक खोलीची सवय टिकून राहण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांच्या दफनभूमींसाठी १९७७ च्या आदेशाने खड्ड्याची खोली नव्हे, तर पेटीवरील माती ठरवून दिली: किमान तीन फूट, योग्य जमीन असल्यास दोन फूट, आणि एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्यांमध्ये सहा इंच. भारतात दफनभूमी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे नियमन राज्यांचे कायदे आणि स्थानिक संस्था यांच्याकडे आहे. शहरांत जुनी कबर पुन्हा वापरण्याची वेळ येते, तेव्हा आधीच्या देहाचे विघटन पूर्ण झालेले असणे आवश्यक ठरते. म्हणून एकेका दफनासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेत मध्यम खोली आणि निचऱ्याची माती अधिक सोयीची असते.