२२०२ योजने, अर्धे निमिष: एका श्लोकाची पार्श्वभूमी

प्रकाशाचा वेग ऋग्वेदात दिला आहे, असा मजकूर सतत फिरत असतो. त्यामागे श्लोक खरा आहे, पण तो ऋग्वेदातला नाही. पहिल्या मंडलाच्या ५०व्या सूक्तात 'तरणिर्विश्वदर्शतो ज्योतिष्कृदसि सूर्य' ही चौथी ऋचा आहे. तिच्यात एकही आकडा नाही. १४व्या शतकात विजयनगरच्या बुक्करायाच्या आश्रयाने भाष्य लिहिताना सायणाचार्यांनी तिच्याखाली हा श्लोक दिला:

योजनानां सहस्रे द्वे द्वे शते द्वे च योजने ।
एकेन निमिषार्धेन क्रममाण नमोऽस्तु ते ॥

'तथा च स्मर्यते' (असे परंपरेने सांगितले जाते) असे म्हणून ते तो देतात, म्हणजे श्लोक त्यांच्याही आधीचा. नमस्कार सूर्याला आहे: अर्ध्या निमिषात, म्हणजे पापणी लवण्याच्या अर्ध्या वेळात, २२०२ योजने (योजन हे अंतराचे जुने माप) चालणाऱ्या तुला नमस्कार असो.

आता हिशेब. महाभारतातल्या कोष्टकात १५ निमिषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, साधारण ३० कलांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा अहोरात्र. यावरून निमिष सुमारे ०.२१३ सेकंदाचे येते. योजन १४.५ किलोमीटरचे धरले, तर वेग सेकंदाला २ लाख ९९ हजार किलोमीटर, म्हणजे जवळपास प्रकाशाचाच. गडबड इथेच होते, कारण योजनाचे माप एक नाही. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने दिला. त्यावरून योजन १२.१ किलोमीटरचे ठरते आणि वेग अडीच लाखांवर येतो. सूर्यसिद्धान्त या खगोलग्रंथात व्यास १६०० योजने, म्हणून वेग १ लाख ६४ हजार. मनुस्मृतीत काष्ठा १८ निमिषांची आहे. ते निमिष आर्यभटाच्या योजनाशी जोडले की पुन्हा ३ लाख, पण १४.५ च्या योजनाशी जोडले की ३ लाख ५९ हजार! उत्तर आधी ठरवून मापे निवडली, तर त्याला पुरावा म्हणता येत नाही.

श्लोक सूर्याच्या स्वतःच्या गतीबद्दल असावा, असे मानायला भागवताचा पाचवा स्कंध आधार देतो. तिथे सूर्य एका क्षणात दोन हजार योजने आणि दोन कोस चालतो, असे म्हटले आहे. आकडे किती जवळचे आहेत, पाहा.

मोजमापाची वाट वेगळी होती. १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांना होणाऱ्या उशिरावरून प्रकाशाला वेळ लागतो हे दाखवले. १८४९ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने ७२० दात्यांचे चाक फिरवले आणि दात्यांमधल्या फटीतून किरण ८.६ किलोमीटरवरच्या आरशावर पाठवला. चाक सेकंदाला १२.६ फेरे घेऊ लागले, तेव्हा परतणारा किरण पुढच्या दात्यावर अडला. उत्तर सुमारे ३ लाख १३ हजार. चूक कुठे आणि किती, हे पुढच्या माणसाला तपासता आले, हीच या पद्धतीची ताकद.

उपनिषदांचा प्रश्न वेगाचा नाहीच. बृहदारण्यकात जनक विचारतो, माणसाला ज्योती कोणती? याज्ञवल्क्य म्हणतात, सूर्य. तो मावळला तर चंद्र, मग अग्नी, मग वाणी. कारण स्वतःचा हातही दिसेनासा होतो, तेव्हा माणूस आवाजाच्या दिशेने जातो. तीही शांत झाली की आत्मा. हा संवाद किलोमीटरच्या आधाराशिवाय उभा आहे, आणि तसाच वाचावा.

मूळ भाष्य पाहायचे असेल, तर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ पासून काढलेली सायणभाष्यासह ऋग्वेदाची आवृत्ती हाताशी घ्यावी. ऋचा आणि भाष्य तिथे स्वतंत्र छापलेले आहे, त्यामुळे कोणते शब्द कोणाचे हे लगेच कळते.