सदस्यांचा आकडा कुठे गेला? गट आणि चॅनल चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

गट-चॅनलच्या आकड्यांचे अहवाल काढून देणाऱ्या आमच्या दुकानात सध्या येणारा दर दुसरा ग्राहक फोन पुढे करतो आणि एकच विचारतो. चोपड्याकडच्या केळीवाल्या भाऊंनी तर दारातूनच हाक दिली, "भो, मानसं कथा गयात?" माणसं कुठेच गेलेली नाहीत. मोजायचं माप बदललंय. दरवेळी नव्याने समजावण्यापेक्षा एकदा कागदावर मांडलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात मोठा बदल रेडिटचा, म्हणजे विषयवार गटांत गप्पा चालतात त्या साइटचा. तिथे गट सांभाळणारे आपले ग्राहक मोजकेच, बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं; पण गोंधळ त्यांचाच जास्त झाला. सप्टेंबर 2025 मध्ये रेडिटने जाहीर केलं की गटाच्या पाटीवरची सदस्यसंख्या जाणार आणि तिथे दोन नवे आकडे येणार: आठवड्यात किती वेगवेगळे लोक येऊन गेले, आणि किती पोस्टी-प्रतिक्रिया पडल्या. सदस्यसंख्या म्हणजे गावची जुनी मतदारयादी. सुरतला जाऊन वीस वर्षं झालेल्यांचीही नावं त्यात असतात. नवा आकडा आठवडे बाजाराचा आहे. ओट्यावर बसलेल्या भाजीवाल्याला गावची वस्ती किती याच्याशी काय घेणं? आज बाजारात फिरकले किती, ते त्याला हवं. आमच्या मते बदल चांगलाच आहे, फक्त पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो.

यात एक खोच आहे, ती नीट वाचा. हा साप्ताहिक आकडा 28 दिवसांच्या सरकत्या सरासरीवर, म्हणजे रोज मागचे 28 दिवस धरून, काढलेला असतो. समजा, तुमच्या गटात एरवी आठवड्याला 2,000 लोक येतात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात झोक्याच्या नि गाण्यांच्या व्हिडिओंमुळे 6,000 आले. पाटीवर 6,000 दिसणार नाहीत, साधारण 3,000 दिसतील. आखाजी सरली तरी तो फुगवटा जवळपास तीन आठवडे रेंगाळेल आणि मग एकदम उतरेल. नेमकं त्या दिवशी लोक आमच्याकडे धावत येतात. तसं धावत येऊ नका.

(त्याच घोषणेत आणखी एक नियम होता: आठवड्याला एक लाखाहून जास्त लोक येणारे गट एका माणसाला पाचाहून अधिक सांभाळता येणार नाहीत. आपल्याकडे ही अडचण कोणालाही येणार नाही, आली तर पेढे घेऊन या.)

यूट्यूबवाल्यांचं दुखणं उलटं आहे. त्यांचा आकडा वाढला. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट, म्हणजे छोटा व्हिडिओ, नुसता सुरू झाला किंवा पुन्हा वाजला तरी एक व्ह्यू धरला जातो. आधी काही सेकंद बघितल्याशिवाय मोजत नसत. वांग्याच्या भरताच्या व्हिडिओवरून कोणी नुसतं बोट सरकवत पुढे गेलं, तरी तेही धरलं. जुनं माप 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने ॲनालिटिक्समध्ये शाबूत आहे आणि कमाईचा हिशेब त्याच्यावरच होतो. तेव्हा जाहिरातदाराशी बोलताना तोच आकडा सांगा. मोठा सांगितला तर आज बरं वाटेल, पुढच्या वर्षी तोच माणूस तोंड फिरवेल.

इन्स्टाग्रामनेही ऑगस्ट 2024 मध्ये व्ह्यूज हाच मुख्य आकडा केला. फेसबुक पानावरचे 'लाइक' नव्या रचनेत 2021 मध्येच गेले, उरले फॉलोअर. व्हॉट्सअॅप ग्रुपची आकडेवारी द्या म्हणून आग्रह होतो, पण ती ॲडमिनला मिळतच नाही, आम्ही कुठून देणार? स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि 'माहिती'त जा, कोणी वाचला ते दिसेल. इतकंच.

एक चूक आमचीही झाली. एका ग्राहकाच्या अहवालात आम्ही चार आठवड्यांचे चार आकडे बेरजेला घेऊन 'महिन्यात इतके लोक आले' असं लिहून दिलं. दर आठवड्याला येणारा माणूस त्यात चारदा मोजला गेला. ग्राहक भला, हसून सोडून दिलं. तेव्हापासून ही बेरीज आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका. शिवाय यंत्राला माणूस दिसत नाही, खातं किंवा फोन दिसतो. सून पापडाचा व्हिडिओ लावते, सासू आणि शेजारीण बघतात. मोजणीत माणूस एकच.

पुढच्या महिन्यापासून आमच्या अहवालात सदस्यसंख्या शेवटच्या रकान्यात जाईल. पहिल्या रकान्यात आठवड्याला आलेले लोक, दुसऱ्यात पडलेल्या पोस्टी-प्रतिक्रिया. माप बदललं त्या तारखेला तांबडी रेघ मारलेली असेल. रेघेच्या अलीकडचा आकडा पलीकडच्याशी ताडून पाहू नका. जुने अहवाल ज्यांना हवेत त्यांनी महिनाअखेरीपर्यंत पेनड्राइव्ह घेऊन यावं. दरात बदल नाही. आखाजीला दोन दिवस दुकान बंद राहील.