पाठ लोकांकडे का? मुंबईत समूहगान बसवणाऱ्यांची थोडी पार्श्वभूमी

आमच्या पार्ल्यातल्या समूहगान ग्रुपमधे सध्या एकच विषय चालूय, गाणी बसवणाऱ्या नवीन ताई स्टेजवर लोकांकडे पाठ करून का उभ्या राहतात. मागच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेतले एक आजोबा मध्यंतरात उठून आले आणि सरळ म्हणाले, अहो बाई, आम्ही तिकीट काढून तुमची पाठ बघायला आलो का. ताई हसल्या, पण व्हॉट्सॅपवर दोन दिवस तेच. म्हणून म्हटलं हे आलं कुठून ते एकदा लिहून काढू, कारण गंमत बघा, एकत्र गाणाऱ्यांचा म्होरक्या कुठे तोंड करून असतो ह्यावरूनच तो कुठल्या घरातला ते कळतं.

सगळ्यात जुना आपला बुवा. तो उभाच राहत नाही. कोकणातून गिरण्यांत कामाला आलेल्या लोकांनी परळ, लालबागच्या चाळींमधे भजनी मंडळं काढली, तिथे बुवा पेटी घेऊन मधे बसतो, बाजूला पखवाज, मागे टाळवाले. बुवा ओळ टाकतो, मागचे उचलतात. दोन्ही हात पेटीवर अडकलेले, म्हणजे इशारा द्यायला उरते मान. मी लहानपणी डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, बघायला जायचो तेव्हा गाण्यापेक्षा बुवाची मानच बघत बसायचो, एक झटका दिला की पखवाज दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातो, हनुवटी वर गेली की कोरस थांबतो, आणि कोणी चुकला तर बुवा न थांबता नुसता डोळा वटारतो. सगळे एकच चाल गातात, त्यामुळे कान पुरतो, समोर कोणी उभं राहायची गरजच नाही.

मग वर्ग आला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 ला मुंबईत आले. त्यांच्याआधी गाणं म्हणजे बहुतेक गुरूच्या घरी राहून एकेकट्याने शिकायचं, ह्यांनी स्वरलिपी करून पुस्तकं छापली आणि मुलांना वर्गात बसवून एका वेळी शिकवायला लागले. शाळेतला गाण्याचा तास, पेटीवाले मास्तर आणि समोर चाळीस मुलं, हे चित्र बरंचसं तिथूनच आलंय.

चर्चमधली गोष्ट थोडक्यात सांगतो कारण मला ती बाहेरूनच माहितीय. मराठी ख्रिस्ती उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या वळणाची भजनं लिहिली. कॅथलिक चर्चमधे मात्र मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमधे चालायची, ती 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत आली आणि मराठी गायन मंडळांना तिथेही काम मिळालं. बऱ्याच जुन्या चर्चमधे गाणारे मागच्या माळ्यावर असतात, म्हणजे तिथे म्होरक्या दिसतच नाही, पाठ पण नाही आणि तोंड पण नाही.

शाहीर ह्या सगळ्यांच्या उलट. त्याचं तोंड थेट लोकांकडे, ओळ उचलून धरणारे झीलकरी पाठीमागे, हातात डफ. 1943 ला मुंबईत इप्टा ही डाव्या विचारांच्या कलावंतांची संस्था सुरू झाली, 1944 ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ह्याच लोकांनी मैदानं गाजवली. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक पण होतंच, वसंत बापट, लीलाधर हेगडे वगैरे. शाहिराला स्वतःच्या झीलकऱ्यांची काळजी नसते, जी जी रं जी त्यांना झोपेतही जमतं, त्याला समोरच्या हजारोंना गायला लावायचं असतं. म्हणजे त्याचा खरा कोरस समोर बसलेला, त्यामुळे तो तिकडेच बघणार ना.

संगीतकार वसंत देसाईंचं मात्र वेगळंच. हा मूळचा सावंतवाडीकडचा माणूस, प्रभात फिल्म कंपनीत तयार झाला, मग व्ही. शांतारामबापूंबरोबर मुंबईत राजकमल स्टुडिओला, सिनेमात एवढं नाव, आणि तरी शाळेच्या पोरांना एकत्र गायला शिकवण्यात जीव अडकलेला. एक सूर एक ताल म्हणून मुलांच्या समूहगानाचा उपक्रम ते करायचे. 'छोटा जवान' मधलं 'जिंकू किंवा मरू' त्यांच्याच चालीतलं, 1963 चं, चीनच्या युद्धानंतरचं. मैदानावर मुलं गायला लागली की अडचण काय होते तर आवाजाला पोचायला वेळ लागतो, शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या पोराला सूर पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा ऐकू येतो आणि तो कानावर विसंबला की ताल मागे ओढला जातो. तिथे बुवाची मान कामाची नाही, हातच हवा, तोही लांबून दिसणारा. 1975 च्या डिसेंबरमधे लिफ्टच्या अपघातात ते गेले, अजूनही वाईट वाटतं.

आणि आता पाठ. हे घर आलं पाश्चात्त्य बाजूने. आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम केलेल्या व्हिक्टर परंज्योतींनी 1950 च्या दशकात मुंबईत स्वतःचा कोरस काढला, 1967 ला ते वारल्यावर कुमी वाडियांनी तो हातात घेतला आणि पुढे कित्येक दशकं चालवला, बाई कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हाताने गाणं चालवणारी, हे तेव्हा आपल्याकडे अगदीच नवीन. त्याच 1950 च्या दशकात इप्टातून आलेल्या संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, चर्चच्या बाहेरचा, भारतीय गाण्यांचा, पण मांडणी बरीचशी पाश्चात्त्य धाटणीची. फरक एवढाच आणि तोच सगळा, की इथे सगळे एक चाल गात नाहीत. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन, चौघांच्या ओळी वेगळ्या, कोण कधी शिरणार ते वेगळं. शेजारचा वेगळंच गात असताना कानावर विसंबलात की तुम्ही त्याच्या सुरात जाणार. मग डोळ्यांपुढे एक माणूस लागतोच आणि तो गाणाऱ्यांकडे बघणार म्हणजे लोकांकडे पाठ होणारच.

आमच्याकडे हे का उद्भवलं तर 'जय जय महाराष्ट्र माझा' मुळे. राजा बढेंचे शब्द, श्रीनिवास खळेकाकांची चाल, शाहीर साबळेंचा तो चढा आवाज, आणि 2023 च्या शिवजयंतीपासून ते राज्यगीत झाल्यावर दर कार्यक्रमाला फर्माईश. आता काळी एक ही खालची पट्टी घेतली की पुरुष खूश पण बायका खाली खर्जात बुडतात, वरची काळी चार घेतली की 'गर्जा' ला पुरुषांच्या शिरा ताणतात, एक सर तर खोकायलाच लागले. आधीचे सर मधली पांढरी चार धरायचे, म्हणजे दोघांनाही त्रास. नवीन ताईंनी बायकांना त्यांच्या पट्टीत मूळ चाल ठेवली आणि पुरुषांना खालून दुसरी ओळ दिली, ऐकायला इतकं भरलेलं लागतं की काय सांगू. पण आम्ही सगळे पेटी-टाळवाले घरातले, ताईंचा हात दिसला नाही की दुसऱ्या ओळीला आख्खी पुरुष मंडळी बायकांच्या चालीत घुसतो. परवा तालमीत त्यांनी आजोबांसाठी म्हणून एकदा लोकांकडे तोंड करून बघितलं, 'गर्जा' पर्यंतही पोचलो नाही.