ग्रहसंशोधनातील हौशी–व्यावसायिक सहकार्य
हौशी खगोल निरीक्षकांच्या ग्रहप्रतिमा, चित्रफिती व वेळेच्या नोंदी व्यावसायिक शास्त्रज्ञांनी संशोधनात वापरण्याची पद्धत. गुरू, शनी, मंगळ व शुक्र यांची वातावरणे आणि लघुग्रहांमुळे होणारी ताऱ्यांची पिधाने (लघुग्रह आड आल्याने तारा काही काळ झाकला जाणे) ही तिची मुख्य क्षेत्रे. मोठ्या दुर्बिणींचा वेळ प्रस्ताव मंजूर झाल्यावर मोजक्या रात्रींपुरता मिळतो. हबल दुर्बिणीचा २०१४ पासूनचा सूर्यमालेतील बाह्य ग्रहांचा कार्यक्रमही एकेका ग्रहाकडे साधारण वर्षातून एकदाच वळतो. मधल्या काळातले ढगांचे बदल टिपतात त्या जगभर विखुरलेल्या २० ते ४० सेंमी व्यासाच्या दुर्बिणी. म्हणून देखण्या प्रतिमेपेक्षा अखंड मालिका आणि अचूक वेळ यांना येथे अधिक किंमत आहे.

ही परंपरा जुनी आहे. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था १८९० मध्ये स्थापन झाली. शनीवरचा १९३३ चा मोठा पांढरा डाग विल हे या विनोदी नटाने शोधला. अलीकडचे ठळक उदाहरण १९ जुलै २००९ चे. ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना ३७ सेंमी दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. तो आघाताचा व्रण होता; प्रत्यक्ष आघात कोणीच पाहिला नव्हता. २३ जुलैला हबलने त्याची प्रतिमा घेतली.

गुरूचे चित्रण वेगवान सीमॉस (एक प्रकारचा डिजिटल संवेदक) कॅमेऱ्याने एका वेळी ६० ते १२० सेकंद करतात. हवा स्थिर असतानाच्या फ्रेम निवडून त्या एकमेकींवर रचतात. पिक्सेलचा मायक्रॉनमधील आकार गुणिले पाच, एवढे फोकल गुणोत्तर (फोकल लांबी भागिले दुर्बिणीचा व्यास) साधारणपणे पुरते, ३.७५ मायक्रॉनला सुमारे एफ/१९. ग्रह क्षितिजालगत असल्यास रंग फाकतात, तेव्हा प्रिझमांचा अपस्करण-सुधारक लावावा. ८८९ नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर कष्टाचा, कारण प्रकाश फारच थोडा मिळतो. पण त्यात उंचावरचे ढग उजळ आणि खोलवरचे काळपट दिसतात. दक्षिण आफ्रिकेतील क्लाइड फॉस्टर यांनी ३१ मे २०२० रोजी याच फिल्टरमध्ये एक नवा उजळ उद्रेक टिपला आणि दोनच दिवसांनी गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाने तो जवळून पाहिला.

सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या वेळेने होते. गुरू मिनिटाला सुमारे ०.६ अंश फिरतो, म्हणजे विषुववृत्तावर जवळपास ७५० किमी. तासाची चूक लगेच उघडी पडते. एक-दोन मिनिटांची चूक मात्र डागाच्या सरकण्याच्या वेगात गुपचूप मिसळते. संगणकाचे घड्याळ चित्रणाआधी जुळवावे आणि फाइलच्या नावात चित्रणाच्या मध्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी. गुरूच्या उपग्रहाची सावली प्रतिमेत असेल तर तिच्या गणिती स्थानाशी ताडून वेळ तपासता येते. विनज्यूपॉस या ग्रहप्रतिमा मोजण्याच्या संगणक-प्रणालीमध्ये रेखांश मोजताना बिंबाची रूपरेषा बसवावी लागते. कडेचा अंधुक भाग वगळला गेला तर ती लहान बसते आणि सारेच रेखांश बिघडतात.

दुसरा दोष अतिरेकी धार लावण्याचा, म्हणजे संगणकावर प्रतिमेतील तपशील प्रमाणाबाहेर ठळक करण्याचा. त्यातून कडेला खोटी पट्टी उमटते, विशेषतः मंगळावर. मार्च–एप्रिल २०१२ मध्ये मंगळाच्या कडेवर २०० किमीहून उंच दिसलेले फुगवटे प्रक्रियेतून आलेले नाहीत, ही खात्री अनेक निरीक्षकांच्या स्वतंत्र प्रतिमांमुळे पटली. धार लावलेल्या प्रतिमेवरून तेजस्विताही मोजता येत नाही, म्हणून मूळ चित्रफीत जपून ठेवावी.

मूळ चित्रफीत आणखी एका कारणाने लागते. गुरूवरील आघाताचा झगमगाट सेकंद-दोन सेकंदच टिकतो आणि फ्रेम रचताना सरासरीत विरून जातो. ३ जून २०१० चा झगमगाट वेस्ली आणि फिलिपीन्समधील क्रिस्टोफर गो या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून चित्रित केल्यामुळे निर्विवाद ठरला. आघात करणारा पिंड ८ ते १३ मीटरचा असावा असा अंदाज निघाला. डीटेक्ट नावाची प्रणाली चित्रफितींत असे झगमगाट शोधते. काही न सापडलेल्या फितींचा कालावधीही कळवायचा असतो, कारण आघातांचा दर काढताना एकूण निरीक्षणकाळ छेदस्थानी येतो.

पिधानांतही तसेच. ताऱ्याच्या प्रकाशात पडलेली लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून सेकंदाला १० किमी सरकत असेल, तर ०.१ सेकंदाची चूक म्हणजे आकारात १ किमीची चूक; म्हणून फ्रेमवर जीपीएसची वेळ छापून घेतात. तारा झाकलाच गेला नाही, ही नोंदही पाठवावी; लघुग्रहाची कड त्या ठिकाणाच्या अलीकडेच संपते, हे तिच्यावरूनच ठरते.