हिराबाई बडोदेकर : नाटकमंडळी ते स्वतंत्र मैफल

हिंदुस्थानी संगीतातल्या किराणा घराण्याच्या ख्यालगायिका, संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री आणि तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक (1905–1989). जन्म मिरजेचा, कर्मभूमी पुणे-मुंबई. तरी आडनाव बडोद्याचे, आणि ते आले आईकडून.

आई ताराबाई बडोद्याच्या माने सरदार घराण्यातल्या. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात (1875–1939) बडोदे दरबार गवयांना राजाश्रय देत होता. गायनाची शाळा 1886 सालीच गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झाली होती. सुरसागर तलावाच्या काठी ती संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विद्याशाखा म्हणून चालते. याच दरबारात किराणा घराण्याचे तरुण गायक अब्दुल करीम खाँ गायला आले. ताराबाईंचे आणि त्यांचे जुळले, विरोध झाला आणि दोघांनी बडोदे सोडले. पाच मुले झाल्यावर पुढे ते विभक्त झाले. मुले ताराबाईंकडे राहिली आणि त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. मुलगे आजोळच्या ‘माने’ आडनावाने वाढले. हिराबाई आणि कमलाबाई मात्र ‘बडोदेकर’ झाल्या. माहेर तुटलेल्या एका बाईने आपल्या गावाचे नाव मुलींच्या नावाला जोडले, ही या चरित्रातली फार मोठी गोष्ट आहे. ती एका ओळीत उरकली जाते, हे बरे नव्हे. शहराचे अधिकृत नाव 1974 मध्ये वडोदरा झाले. रावपुरा-दांडिया बाजारातली मराठी घरे बोलताना अजून बडोदेच म्हणतात, आणि या आडनावातही तेच जुने रूप टिकून आहे.

हिराबाईंची तालीम मुख्यतः थोरले बंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. एकेक स्वर घोळवत, घाई न करता राग उलगडण्याची सवय वहीद खाँची. ती हिराबाईंच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात शेवटपर्यंत दिसते. त्यांचा आवाज बारीक, गोड आणि कमालीचा सुरेल होता. तानांची आतषबाजी त्यांनी केली नाही, आणि त्यांच्या गाण्याला तिची गरजही नव्हती. 1921 च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात त्या पहिल्यांदा जाहीरपणे गायल्या.

भावंडांचे एकत्र काम सुरू झाले ते नूतन संगीत विद्यालयातून. त्याला जोडून 1929 मध्ये नाटकाची शाखा, म्हणजे नाटकमंडळी, निघाली. तोवर मराठी संगीत नाटकात नायिका बहुधा पुरुषच रंगवीत. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरोघरच्या बायका करीत, तो हा काळ. अशा वेळी घरच्याच मुली नायिकेच्या भूमिकेत रंगमंचावर आल्या, आणि त्याही भावांच्या बरोबरीने. धाकटी सरस्वती तर अगदी लहानपणापासून नाटकात होती. घरातली माणसे सोबत असल्याने मुलींवर बोट ठेवायला जागा कमी उरली, हे खरे. पण ते धाडस आईचेच होते, हे विसरू नये. ‘संगीत सौभद्र’सारख्या जुन्या नाटकांबरोबर मंडळीने नवी नाटकेही केली. बोलपट आल्यावर मराठी नाटक कंपन्यांची ओढाताण सुरू झाली. ही मंडळीही त्यातून सुटली नाही आणि बंद पडली. हिराबाईंनी मोजक्या चित्रपटांत कामे केली, पण चित्रपटात त्या रमल्या नाहीत.

आता मैफल हेच मुख्य काम झाले. बाईचे गाणे म्हणजे कोठीवरचे किंवा धनिकाच्या दिवाणखान्यातले, हा समज तेव्हा पक्का होता. तिकीट काढून थिएटरात बसलेल्या कुटुंबवत्सल श्रोत्यांसमोर गाणाऱ्या बाईने हातवारे आणि अदा टाळल्या पाहिजेत, हे हिराबाईंनी ओळखले. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, स्थिर बसून त्या गात. ही नुसती सोज्ज्वळता नव्हती, तो विचारपूर्वक घडवलेला पेशा होता. आधी ख्याल, मग ठुमरी, नाट्यपद, भावगीत, शेवटी भजन, अशा क्रमाने त्यांची मैफल रंगे, आणि ज्याला राग कळत नाही असा श्रोताही शेवटपर्यंत बसून राही. ध्वनिमुद्रिकांनी नाव गावोगाव नेले. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे पसारा आवरावा लागे, आणि विस्ताराची सवय असूनही त्यांना ते साधले. ‘उपवनी गात कोकिळा’ आणि ‘ब्रिजलाला गडे’ ही गाणी ज्यांनी त्यांना समोर कधी पाहिले नाही, त्यांच्याही तोंडी बसली.

1965 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मभूषण मिळाले. गायिका प्रभा अत्रे यांनी सुरेशबाबूंनंतर त्यांच्याकडे तालीम घेतली.

उत्तरायुष्यात त्या पुन्हा धाकट्या बहिणीसोबत मंचावर आल्या. सरस्वतीबाई राणे (1913–2006) तोवर ‘रामराज्य’ (1943) या चित्रपटातील ‘बीना मधुर मधुर कछु बोल’ या गाण्याने देशभर पोचल्या होत्या. 1960 च्या दशकापासून दोघींनी ख्यालाची जुगलबंदी केली. दोन स्त्रियांनी जाहीर मंचावर एकत्र ख्याल गाण्याचा प्रघात त्याआधी जवळजवळ नव्हताच. तालीम एका घरातली, स्वर लावण्याची पद्धत एकाच वळणाची, त्यामुळे एकीने सोडलेली जागा दुसरी सहज उचलत असे.