इंजिन रेस घेत नाही, बोट पळत नाही: दोष नेमका कुठे?

पावसाळा संपून तारकर्ली-देवबागला पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "गेल्या वर्षी हीच बोट पंचवीस नॉटने पळायची, आता वीसच्या वर जात नाही. इंजिन रेसच घेत नाही." त्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो. कव्हर काढा, कार्ब्युरेटर खोला, कचरा साफ करा. कधी त्याने काम होतं. पण पुष्कळदा दिवस वाया जातो, मिस्त्रीचे पैसे जातात आणि बोट तशीच रखडते, कारण बिघाड इंजिनात नसतोच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन आकडे मिळवायचे आणि ते एकत्र वाचायचे. रोजचं ओझं घेऊन, सपाट पाण्यात, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं हा पहिला आकडा. त्याच वेळी बोटीचा वेग किती नॉट (एक नॉट म्हणजे तासाला साधारण 1.85 किलोमीटर) हा दुसरा. तो मोबाइलच्या जीपीएसवरही कळतो. पूर्ण थ्रॉटलला फेरे किती असावेत ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आजच्या बहुतेक मध्यम फोरस्ट्रोक इंजिनांना ते 5000 ते 6000 च्या दरम्यान लागतात.

फेरेही कमी आणि वेगही कमी असेल, तर एकतर इंजिनाची ताकद घटली आहे किंवा त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त ओझं आहे. फेरे भरपूर आणि वेग मात्र कमी असेल, तर ताकद आहे, पण ती पाण्याला लागत नाही. हे दोन अगदी उलट आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

आकडे वाचण्याआधी आरपीएमचा, म्हणजे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा खरं बोलतो ना, हे पाहा. हा काटा इंजिनातल्या जनरेटरचे विजेचे ठोके मोजतो आणि जनरेटरला किती ध्रुव आहेत हे त्याला मागच्या बटणाने सांगावं लागतं. 10 ध्रुवांच्या इंजिनाला 12 चं सेटिंग लागलं, तर इंजिन 5500 फेरे घेत असतानाही काटा 4600 च्या खाली अडकतो. नवीन मीटर बसवल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर आधी इथेच बघावं.

फेरे थोडेसेच कमी आहेत म्हणून सोडून देऊ नये. पंखा, म्हणजे बोट ढकलणारा प्रोपेलर, पाण्याला देतो ती शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बोट, पंखा आणि ओझं तेच असताना 5500 चे फेरे 4800 वर आले, तर फेऱ्यांत घट 13 टक्के. शक्ती मात्र एक तृतीयांशाने गेली. आणि जास्त ओझ्यामुळे इंजिन असं दबून चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडर पूर्ण भरतो पण पिस्टन मोकळेपणी पळत नाही. दाब आणि उष्णता वाढते, इंजिन ठोकायला लागतं आणि शेवटी पिस्टन जळतो. वेग गेला त्यापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं.

आता पंख्याकडे येऊ. पंख्यावर 13 किंवा 15 असा आकडा कोरलेला असतो, ती त्याची पिच. पंखा न घसरता पाण्यात पुढे सरकला, तर एका फेऱ्यात तितके इंच जाईल. 13 इंच म्हणजे 33 सेंटिमीटर. इंजिन 5500 वर आणि गिअर दोनास एक, म्हणजे पंखा मिनिटाला 2750 वेळा फिरतो. गुणाकार केला की मिनिटाला साधारण 908 मीटर, तासाला साडेचौपन्न किलोमीटर, म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस नॉट येतात. पाणी घन नसल्यामुळे यातला काही भाग घसरणीत जातो. पाण्यावर उचलून पळणाऱ्या हलक्या बोटीला 10 ते 20 टक्के घसरण स्वाभाविक आहे. म्हणजे या बोटीने पंचवीस नॉटच्या आसपास पळायला हवं. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त सांगतो.

पिच फार मोठी असेल, तर सायकल मोठ्या गिअरवर ठेवून आंबोलीचा घाट चढल्यासारखं होतं. जोर सगळा लागतो, पाय फिरत नाहीत. पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. "मोठी पिच म्हणजे मोठा वेग" असं समजून पंखा बदलणारे खूप भेटतात. इंजिनाला तो पंखा फिरवता आला नाही, तर वेग उलट कमीच होतो. उंचीवरही हेच लक्षात ठेवावं लागतं. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्क्यांनी घटते. कोयनेचा शिवसागर भरलेला असताना पाणी साधारण 659 मीटरवर असतं. मालवणात नीट चालणारी बोट त्याच्या काठच्या तापोळ्याला नेली तर सहा-सात टक्के ताकद तिथेच जाते. तिथे कमी पिचचा पंखा लावावा.

फेरे चढतात पण बोट पळत नाही, अशा वेळी संशय पंख्याच्या रबरी बुशवर घ्यावा. पंखा खडकाला आपटला तर धक्का थेट गिअरला बसू नये म्हणून पंख्याच्या मधोमध ही बुश दाबून बसवलेली असते. ती सुटली की शाफ्ट फिरतो आणि पंखा मागे राहतो. शाफ्टच्या टोकावर आणि पंख्याच्या नळीवर मार्करने एका रेषेत खूण करा, पूर्ण थ्रॉटलला फेरी मारून या. दोन खुणा एकमेकींपासून सरकल्या असतील तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

बुश ठीक असेल तर पंखा हवा ओढत असेल. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पृष्ठभागावरची हवा खाली येऊ देत नाही. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर वर असावी. वाकलेल्या, चिरलेल्या पात्यांमुळे आणखी एक गोष्ट होते. पात्यामागचा दाब इतका घटतो की थंड पाणीच उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्याची पकड सुटते. वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या बोटीने 1894 मध्ये हाच मार खाल्ला. टर्बाइन जबरदस्त असूनही ती 20 नॉटच्या आसपास अडकली. एकाऐवजी तीन शाफ्ट आणि त्यांवर नऊ पंखे बसवल्यावर 1897 मध्ये तीच बोट 34 नॉटच्या पुढे गेली.

उरला दोन्ही आकडे कमी असण्याचा प्रकार. इथे सुरुवात तळापासून करावी. खाडीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळावरून हात फिरवला की शेवाळ आणि बार्नॅकलची खरखरीत कवचं लागतात. त्यांनी वाढवलेलं घर्षण इंजिनाला ओढावं लागतं. दुहेरी तळाच्या फायबर बोटीत आतला फोम पाणी पितो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते दिसत नाही. वजन वाढलं की बोटीची नाळ (पुढचं टोक) वर राहते, बोट पाण्यावर उचलली जात नाही आणि इंजिन तिथेच कुंथत राहतं.

मग थ्रॉटलची केबल. इंजिन बंद ठेवून एकाने हॅन्डल पूर्ण पुढे करावं, दुसऱ्याने कव्हर काढून झडप पूर्ण उघडते का ते पाहावं. मिठाने केबल जाम होते, ताण सुटतो आणि झडप अर्धी-पाऊणच उघडते.

पेट्रोलचा त्रास ओळखायला पाइपमधला रबरी फुगा पुरतो. पूर्ण थ्रॉटलवर तो आत चिपकला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. बऱ्याचदा टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रूच बंद राहिलेला असतो. फुगा हाताने दाबत राहिल्यावर फेरे वाढले, तर पंप कमजोर आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर अर्धी टाकी पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, दोन थरांमधली रेष स्पष्ट दिसते. ते पेट्रोल इंजिनाला देऊ नका.

नव्या इंजिनाचे फेरे अचानक निम्म्यावर येऊन तिथेच थांबले, तर ते इंजिन स्वतःला वाचवत असतं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का ते लगेच पाहा आणि तेल तपासा. जुनं इंजिन मिसिंग मारत असेल तर प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवा. ओला, काळा प्लग कोणत्या सिलिंडरचा ते दिसतं.

हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल उघडा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त मागे पडला आणि इंजिन फोरस्ट्रोक असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गेलं आहे, आणि आता मात्र हेड उतरवावंच लागेल.